मानाउसचे बाजार : अरण्यातील एका नदीनगरीची पायी ओळख

एखाद्या नगराचा इतिहास जाणून घ्यावयाचा असेल, तर त्याच्या राजवाड्यांकडे व पुतळ्यांकडे मागाहून जावे. आधी त्याच्या बाजारातून पायी हिंडावे. राजवाडा ज्याने बांधविला त्याची बाजू सांगतो. बाजार मात्र त्या नगरात कोण आले, कोठून आले, काय खाऊन राहिले आणि कोणाचे देणेकरी झाले, ते सारे सांगतो. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या महारण्यात वसलेले मानाउस हे नगर या दृष्टीने विलक्षण आहे. एका झाडाच्या चिकावर ते श्रीमंत झाले आणि तोच चीक दुसरीकडे स्वस्त मिळू लागताच कंगाल झाले. या दोन्ही अवस्थांच्या खुणा त्याच्या नदीकाठच्या दीड-दोन किलोमीटरांत आजही पायी चालत पाहता येतात. घर सोडून दूर वसलेल्या आपणां मंडळींना त्या खुणांत ओळखीचे असे बरेच काही सापडेल.

मानाउस ही ब्राझीलमधील आमाझोनास राज्याची राजधानी. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर, रिओ नेग्रो म्हणजे ‘काळी नदी’ हिच्या डाव्या तीरावर ती वसली आहे. समुद्र येथून जलमार्गाने सुमारे १५०० किलोमीटर दूर. तरीही समुद्रगामी जहाजे थेट धक्क्यापर्यंत येतात, एवढे या नदीचे पात्र खोल आहे. अरण्यातील पालापाचोळा कुजून नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे गडद झालेले असते. नगराच्या थोडे खाली तिला सोलिमोइन्स ही गढूळ पाण्याची नदी मिळते आणि हे दोन प्रवाह सुमारे सहा किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. प्रयागास गंगा-यमुनेचे दोन रंग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दृश्याची कल्पना करता येईल; येथे मात्र त्याचा विस्तार कितीतरी मोठा आहे.

पोर्तुगीजांनी १६६९ साली येथे एक किल्ला उभारला. या परिसरात मानाओस नावाची मूळ रहिवाशांची जमात राहत असे. तिचा नायक आजुरिकाबा याने पोर्तुगीजांशी झुंज दिली. १७२७ मध्ये तो पकडला गेला आणि बेलें नगराकडे नेला जात असता साखळदंडांसह त्याने नदीत उडी घेतली. पुढे ती जमात नामशेष झाली. परंतु १८५६ साली नगराला अधिकृत नाव मिळाले ते तिचेच. ज्यांना हटवून नगर वसले त्यांचेच नाव त्याला चिकटावे, हा इतिहासाचा खेळ आपल्याही देशात अपरिचित नाही.

बाजार पाहावयाचे तर पहाटेच निघाले पाहिजे. नदीकाठच्या ‘मानाउस मोदेर्ना’ नावाच्या मोठ्या मंडईसमोर रात्रभर प्रवास करून आलेल्या लाकडी बोटी लागलेल्या असतात. या बोटींत बाकांच्या ऐवजी झोळण्यांच्या रांगा टांगलेल्या दिसतात. उतारू आपापली झोळणी बरोबर आणतो आणि कित्येक दिवसांचा प्रवास तीत पडून करतो. खालच्या भागात केळीचे घड, कलिंगडे, पिठाची पोती, कोंबड्या आणि बर्फातली मासळी. हमाल पाठीवर ओझी घेऊन चढू लागतात. पाणी उतरलेले असेल तर ही चढण फार लांबते, कारण या नदीची पातळी वर्षाकाठी सामान्यतः दहा मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढी वरखाली होते. बंदरातील पाणपातळीची नोंद १९०२ पासून अखंड ठेवली आहे. त्या नोंदीतील सर्वांत मोठा पूर २०२१ सालचा, ३०.०२ मीटरांचा. त्या वेळी बाजाराच्या रस्त्यांवर फळ्यांचे पूल टाकून लोक ये-जा करीत होते. आणि त्याच नोंदीतील सर्वांत कमी पाणी तीनच वर्षांनी, २०२४ मध्ये नोंदले गेले.

मासळीच्या ओट्यांशी आले की कोकणातला माणूस क्षणभर घरी आल्यासारखा थबकेल. ओळखीचा मासा मात्र एकही दिसणार नाही. तांबाकी हा जाड, काळसर मासा पुराच्या दिवसांत बुडालेल्या अरण्यात शिरतो आणि झाडांवरून पडणारी फळे व बिया आपल्या बळकट दातांनी फोडून खातो. रबराच्या झाडाचे बी त्याच्या विशेष आवडीचे. पिरारुकू हा गोड्या पाण्यातील जगातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी एक; तो खारवून, वाळवून, गुंडाळ्या करून विकतात. त्याची खरबरीत जीभ वाळवून पूर्वी किसणीसारखी वापरीत. जराकी हा गरिबांचा मासा. तो काटेरी असतो, म्हणून विकणारा धारदार सुरीने त्याच्या अंगावर अगदी जवळजवळ चिरा पाडून देतो. तळताना बारीक काटे कुरकुरीत होऊन विरून जातात. या जराकीविषयी तेथे एक म्हण आहे : जो जराकी खातो, तो येथून पुन्हा हलत नाही. या म्हणीकडे आपण शेवटी परत येऊ.

या मंडईला लागूनच आदोल्फो लिस्बोआ बाजार ही जुनी वास्तू उभी आहे. ती १८८३ साली खुली झाली. लोखंडी खांब, लोखंडी कमानी, रंगीत काचा आणि मोकळे उंच छप्पर असे तिचे मंडप असून त्यांचे लोखंडी भाग ब्रिटनमधील कारखान्यांत ओतवून जहाजाने येथे आणून जोडले. पॅरिसच्या मध्यवर्ती मंडईचा नमुना डोळ्यांपुढे होता, असे सांगतात. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, १८६९ मधली आणि पुण्याची मंडई १८८६ मधली. तेव्हा मानाउसची मंडई या दोहोंची समकालीनच म्हणावयाची. चिखल, माशा व दुर्गंधी यांना आळा घालून बाजार छपराखाली, ओट्यांवर आणि देखरेखीत आणावा, ही त्या काळच्या नगरपालिकांची जगभरची कल्पना होती. या वास्तूचा एक मंडप ‘कासवांचा मंडप’ म्हणून ओळखला जातो. एके काळी नदीतील मोठी कासवे येथे जिवंत विकली जात. त्यांच्या अंड्यांचे तेल दिव्यांत जळे. १९६७ च्या कायद्याने वन्य प्राण्यांचा असा व्यापार बंद झाला. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१३ साली ही वास्तू पुन्हा उघडली. आज तेथे मासळीबरोबर औषधी साली, टोपल्या आणि प्रवाशांसाठी शोभेच्या वस्तूही विकतात.

यापुढचा भाग आपल्या गृहिणींना विशेष रंजक वाटेल. पिठाच्या दुकानांतून पिवळ्या, भरड, दाणेदार पदार्थाची उघडी पोती ओळीने मांडलेली असतात. त्याला ‘फारिन्या’ म्हणतात. ती कसावाच्या कंदापासून होते. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि त्याची कडू जात विषारी. मूळ रहिवाशांनी त्यावर हजारो वर्षांपूर्वी उपाय शोधला : कंद किसावयाचा, वेताच्या विणीच्या ‘तिपिती’ नावाच्या लांब नळीत भरून ती ताणून रस पिळून काढावयाचा आणि चोथा मोठ्या कढईत भाजावयाचा. पिळलेला रसही फेकीत नाहीत. तो उकळून विष घालविले की ‘तुकुपी’ नावाचा आंबट पिवळा सार तयार होतो. उआरिनी या गावाकडून येणारी फारिन्या तर गोल, पिवळ्या मण्यांची असते. ती पाहून आपल्याकडील कोणालाही पहिला शब्द सुचेल तो साबुदाणा.

आणि हे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. आपल्याकडे सेलमच्या कारखान्यांत होणारा साबुदाणा याच कसावाच्या सत्त्वाचा असतो. खरा मूळचा साबुदाणा पूर्वेकडील बेटांवरच्या सागू ताडाच्या गराचा. परंतु त्याची जागा कसावाने घेतली. केरळात या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले ते त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी. आता एकादशीच्या ताटाकडे पाहा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, हिरवी मिरची : यांपैकी एकही जिन्नस कोलंबसापूर्वी भारतात उगवत नव्हता. ही सर्व पिके अमेरिका खंडातली. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्दसुद्धा ब्राझील-पाराग्वेकडील तुपी-ग्वारानी भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. गोव्याच्या मार्गाने आलेला काजू कोकणच्या लाल मातीत असा रुजला की, तो परका आहे हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. मानाउसच्या बाजारात आपण जे नवल म्हणून पाहावयास जातो, त्यातील कित्येक वस्तू आपल्या फडताळात पिढ्यान्पिढ्या बसलेल्या आहेत.

मंडईतून बाहेर पडून बंदराच्या दिशेने चालू लागले की दगडी चौकटींच्या व उंच दारांच्या जुन्या पेढ्या लागतात. रबराचा व्यापार चालला तो या भागात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. १८५३ पासून ॲमेझॉनवर आगबोटी धावू लागल्या, १८६७ पासून ही नदी सर्व देशांच्या जहाजांस खुली झाली आणि १८८८ मध्ये डनलॉपची हवा भरलेली धाव आली. सायकल व नंतर मोटार यांच्या मागणीने रबराला सोन्याचे मोल आले. ते झाड तेव्हा या अरण्यातच मिळे आणि तेही विखुरलेले. चीक काढणारा माणूस पहाटेच्या अंधारात डोक्याला दिवा बांधून निघे, शेदोनशे झाडांची पायवाट फिरून प्रत्येक झाडाला खाच पाडून भांडे लावी, पुन्हा तीच वाट फिरून चीक गोळा करी आणि संध्याकाळी धुरावर फिरत्या दांड्याभोवती तो थरावर थर ओतून त्याचा जड गोळा बनवी.

हा माणूस कोण होता? बहुधा तो सिआरा प्रांतातला दुष्काळग्रस्त शेतकरी. १८७७ ते १८७९ या तीन वर्षांत ब्राझीलच्या ईशान्य भागात भयंकर अवर्षण पडले. नेमक्या त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ मध्ये, आपल्या दख्खनातही मोठा दुष्काळ पडला होता, हे येथे आठवते. सिआराचे हजारो लोक आगबोटीतून अरण्यात आणले गेले. त्यांचे भाडे, कोयता, बंदूक, फारिन्या, मीठ, क्विनाइन हे सर्व पेढीने ‘उचल’ म्हणून दिलेले. मालाचा भाव पेढीचा मुनीम ठरवी, रबराचा भावही तोच ठरवी, आणि वही त्याच्याजवळ असे. मानाउसची पेढी मळेवाल्याला उधार देई, मळेवाला कामगाराला; आणि मानाउसच्या पेढीला उधार देणारा लंडन वा न्यूयॉर्क येथे बसलेला असे. ऊसतोडणीच्या हंगामाची ‘उचल’ ज्यांच्या गावी चालते, त्यांना ही साखळी समजावून सांगावी लागणार नाही. आमाझोनास प्रांताने गुलामगिरी रद्द केली ती १८८४ मध्ये, म्हणजे देशाच्या चार वर्षे आधी. या गोष्टीचा नगराला रास्त अभिमान आहे. परंतु बेड्या गेल्या तरी वही राहिली. कर्ज फिटेपर्यंत माणसाला मळा सोडता येत नसे, आणि कर्ज क्वचितच फिटे. मूळ रहिवाशांची स्थिती तर याहून भयानक होती. पुतुमायो नदीच्या खोऱ्यात रबरासाठी त्यांच्यावर झालेले अत्याचार रॉजर केसमेंट याच्या अहवालाने १९१२ मध्ये जगापुढे आले.

बंदरावर ब्रिटिश कंपनीने बांधलेला तरंगता धक्का आहे. नदीबरोबर तो वरखाली होतो. शेजारी जकात कचेरीची विटकरी इमारत. तेथून एदुआर्दो रिबेइरो मार्गाने चढ चढत गेले की समोर येते ते आमाझोनास नाट्यगृह. ३१ डिसेंबर १८९६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ज्यांच्या नावाचा हा मार्ग आहे, त्या गव्हर्नर रिबेइरो यांच्या कारकीर्दीत त्याचे काम नेटाने पुढे गेले. घुमटावर ब्राझीलच्या ध्वजाच्या रंगांची सुमारे ३६,००० कौले बसविली आहेत. चौकातील फरशीवर काळ्या-पांढऱ्या लाटा असून त्या दोन नद्यांचा संगम सुचवितात, असे तेथील लोक सांगतात. त्या दिवसांत नगरात विजेचे दिवे व विजेची ट्राम होती. धनिकांचे कपडे धुलाईसाठी लिस्बनला जात, विख्यात गायक कारुसो येथे गाऊन गेला, अशा कथा अजून ऐकू येतात. कारुसो येथे कधीच गायला नाही. वैभव ओसरले की त्याच्या गोष्टी वाढत जातात, त्यातलाच हा प्रकार.

वैभव ओसरले ते एका टोपलीभर बियांमुळे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने तापाजोस नदीकाठी रबराच्या सुमारे ७०,००० बिया गोळा केल्या आणि लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचविल्या. त्यांतील जेमतेम अडीच हजारांच्या आसपास रुजल्या. बहुतेक रोपे सिलोनला गेली, काही पुढे सिंगापूरला पोहोचली. ॲमेझॉनमध्ये रबराची झाडे दाट लावली की पानांवरचा एक बुरशीचा रोग त्यांचा फडशा पाडतो. तो रोग समुद्र ओलांडून आला नाही. त्यामुळे आशियात झाडे ओळीने लावता आली आणि एका मजुराला दिवसाकाठी कितीतरी अधिक झाडांचा चीक काढता आला. आपल्या केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाड येथे १९०२ मध्ये पहिला व्यापारी मळा सुरू झाला. १९१० मध्ये रबराचा भाव शिगेला पोहोचला आणि १९१३ च्या सुमारास आशियातील मळ्यांनी ब्राझीलला मागे टाकले. भाव कोसळला. मानाउसच्या पेढ्या एकामागून एक बसल्या. केरळातील मळे पाहिलेल्या आपल्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या शांत, नेटक्या रांगांची दुसरी बाजू दूरच्या या नगरात आहे.

व्यापारी गेले. ज्यांच्याजवळ परतीचे भाडे होते, ते सर्व गेले. अरण्यातील कामगारांजवळ ते नव्हते. ते हळूहळू नदीने खाली उतरून नगरात आले. आणि जमीन घेण्याची ऐपत नसल्याने त्यांनी पाण्यावरच घरे बांधली. मोठमोठे ओंडके एकत्र बांधून त्यांवर झोपड्या, झोपड्यांना जोडणाऱ्या फळ्यांच्या गल्ल्या, तरंगती दुकाने व खानावळी, अशी एक ‘तरंगती नगरी’ मंडईच्या समोरच उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर रबराची पुन्हा निकड भासली, तेव्हा ईशान्येकडून पन्नास हजारांहून अधिक माणसे ‘रबराचे सैनिक’ म्हणून अरण्यात धाडली गेली. त्यांपैकी हजारो तेथेच मरण पावले. वाचलेल्यांतील गरजूंना निवृत्तिवेतन मिळाले ते १९८८ च्या राज्यघटनेने, युद्ध संपून चार तपे होत आली तेव्हा. १९६० च्या सुमारास तरंगत्या नगरीत सुमारे २००० घरे होती. बोटीतून माल उतरला की तो प्रथम तेथेच विकला जाई. १९६५ ते १९६७ या काळात सरकारने ती मोडून काढली. आज तेथे केवळ पाणी दिसते.

१९६७ मध्येच मानाउसला करमुक्त क्षेत्राचा दर्जा प्रत्यक्षात मिळाला. जुन्या पेढ्यांच्या गल्ल्यांतून परदेशी रेडिओ, घड्याळे व दूरचित्रवाणी संच विकत घेण्यासाठी देशभरातून लोक विमानाने येऊ लागले. १९९० नंतर आयातीवरील बंधने सैल होताच तीही झुंबड ओसरली. कारखाने मात्र टिकले. त्यांतील दुचाकींच्या कारखान्यांत २०२४ साली पुण्याच्या बजाज ऑटोची भर पडली. मराठी मुलखाशी या नगराचा असा आणखी एक धागा जोडला गेला आहे.

आता मंडईतील न्याहारीच्या ओट्याशी थोडे थांबावे. येथील लोकप्रिय न्याहारी म्हणजे पाव, त्यात तुकुमा या रानताडाच्या फळाचे नारिंगी काप, तळलेले केळे आणि भाजलेले खारट ‘कोआल्यो’ चीज. तुकुमा हा अरण्याचा. मूळ रहिवाशांकडून आलेला. कोआल्यो चीज ईशान्येकडील कोरड्या मुलखाचे. दुष्काळातून आलेल्या माणसांनी आपल्याबरोबर आणलेले. परमुलखात गेलेला माणूस आपली चव सोडीत नाही आणि तेथली नाकारूनही त्याचे चालत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पोळीभाजीशेजारी इडली, लिट्टी वा माछेर झोल येऊन बसले आहे, त्यांना हे वेगळे सांगणे नको.

संध्याकाळी नाट्यगृहाच्या चौकात ‘ताकाका’ विकतात : गरम तुकुपी, कसावाची खळ, सुकी कोळंबी आणि जिभेला बधिरता आणणारा जांबूचा पाला, जो चाखून आपल्याकडील अक्कलकाऱ्याची आठवण व्हावी. ज्या इमारतीसाठी सातासमुद्रापलीकडून काच, लोखंड व संगमरवर आणले, तिच्यासमोर लोक आज उभे राहून मूळ रहिवाशांचे हे सार त्याच जुन्या पद्धतीने भोपळ्यासारख्या फळाच्या कवटीतून पितात. रबराच्या पेढ्यांची नावे बहुतेकांस आठवत नाहीत. कसावाचे विष काढणाऱ्या हातांची विद्या मात्र दररोज विकली जाते.

आणि ती जराकीची म्हण? नगरातले लोक ती आज हसत, पाहुण्याच्या पानात मासा वाढताना म्हणतात. परंतु ‘येथून हलता येत नाही’ हे वाक्य त्यांच्या पणजोबांच्या बाबतीत चवीचे नव्हते. ते मुनिमाच्या वहीतले होते. गावी परतण्याची आशा धरून ते आले, देण्यात अडकले, आणि राहिले. त्यांच्या पोरांनी नदीचे मासे ओळखले, बाजारात ओटे मांडले, आणि ज्या जागी आपले वाडवडील अडकून पडले होते त्या जागेला आपले गाव म्हटले. तीन पिढ्यांत एका सक्तीचे असे निमंत्रण झाले, हा मानाउसच्या बाजारांतला सर्वांत मोठा सौदा. आणि त्याची नोंद कोणत्याही पेढीच्या वहीत नाही.